बाबांची दहा वाक्यं

सिंगापूरला माझ्याकडे तीन महिने राहायला आलेल्या बाबांना एकच गोष्ट करायची होती. स्वतः लिहिलेलं इंग्रजी चार माणसांसमोर उभं राहून वाचायचं. खडकीच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये त्यांचा जन्म गेला. तिथे इंग्रजी बोलायचे ते साहेब, मान डोलवायचे ते बाबा.

बेडोकला आमच्या फ्लॅटजवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये ज्येष्ठांसाठी इंग्रजीचा वर्ग चालायचा. शिकवायला एक निवृत्त चिनी बाई. त्यांनी बाबांना पाहुणा म्हणून बसू दिलं आणि शेवटच्या तासासाठी सगळ्यांना काम दिलं. कुठेतरी फिरून या, दहा सोपी वाक्यं लिहा, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. तास शनिवारी होता, बाबांचं विमान रविवारी.

बाबांनी जागा निवडली ती बसस्टॉपवरच्या जाहिरातीतून. विलायती थाटाचं रिसॉर्ट. हिरवळ, व्हरांडा, दुपारचा चहा, साहेबी काळाची मजा.

मी भडकले. पुण्यात कॉलेजला असल्यापासून पत्रकं लिहायची सवय, त्यामुळे माझं भडकणंही मुद्देसूद असतं. "गुलामीची तिकिटं विकतायत, बाबा. आणि ती आपण काढायची?"

"पुढारीणबाई," बाबा म्हणाले, "आधी जाऊन येऊ. मग काय तो निषेध कर."

गेलो. फाटकावर खाकी चड्डी आणि साहेबी टोपी घातलेल्या माणसाने आम्हाला सलाम ठोकला. लाल टेलिफोनच्या पेटीत टेलिफोनच नव्हता, नेच्याची कुंडी होती. आत मात्र दुपार निजल्यासारखी होती. जुन्या झाडांच्या फांद्यांवर गवतासारखं काहीबाही उगवलेलं, खाली हिरवळ इतकी मऊ, की माणसं चालताना पावलं वाजत नव्हती. व्हरांड्यात पंखे असे फिरत होते, जणू त्यांनाही झोप येत होती. कुठून तरी पियानो ऐकू यायचा आणि विरून जायचा. रागावलेलं राहायचंय, हे मला मधूनमधून स्वतःला सांगावं लागत होतं.

भिंतीवरच्या फोटोने ते काम सोपं केलं. साहेब खुर्च्यांवर बसलेले, खाली प्रत्येकाचं नाव. मागे ट्रे धरून नोकर उभे, एकाचंही नाव नाही. मी मोबाइलवर फोटो काढला. पत्रकाचा मथळा डोक्यात तयारच होता.

बाबा फोटो बघत नव्हते. ते एका आरामखुर्चीसमोर उभे होते. वेताची, हात इतके लांब की त्यांवर पाय टाकून पडावं.

"आबा हीच सांगायचे," ते म्हणाले.

आबा, म्हणजे माझे आजोबा, खडकीला गोऱ्या साहेबाकडे बटलर होते. साहेबाचं मटण शिजवलं की वरच्या जातींना विटाळ व्हायचा, म्हणून आमच्या माणसांना तेवढं एक स्वयंपाकघर उघडं होतं. आबा अशी खुर्ची रोज पुसायचे. बसले कधीच नाहीत.

"बसू का गं?"

"बसा की! पैसे भरलेत."

बाबा बसले. हळूच पाय वर घेतले. चहा यायच्या आत झोपले. चहा आणणाऱ्या बाईंना मी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी कपसुद्धा वाजू न देता ठेवले. बाबांना कोणी उठवलं असतं तर मी तिथे आंदोलन केलं असतं. कोणी उठवलं नाही. सावली माझ्या पायांवरून त्यांच्या पायांवर गेली, चहा गार झाला, आणि तासभर मी माझ्या वडिलांना नुसती बघत बसले.

घरी आल्यावर त्यांनी दहा वाक्यं लिहून मला टाइप करायला दिली. हे मोठं घर आहे. गवत हिरवं आहे. पंखा हळू फिरतो. मला राहवेना. एवढंच? मी पाच ठेवली आणि पाच माझी घातली. लूट, शोषण, सगळं. पोरगी शिकलेली म्हणून त्यांनी परत वाचून पाहिलं नाही.

शनिवारी ते इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले. पाच वाक्यं स्वच्छ वाचली. सहाव्यातल्या 'एक्स्प्लॉइटेशन'ला अडखळले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकले. वर्गातल्या चिनी आज्या खाली बघू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी हळूच विचारलं, "हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही मॅडम. हे माझ्या मुलीने पाहिलं."

वर्ग हसला. बाबाही हसले. मग त्यांनी कागद बाकावर पालथा घातला आणि थांबत थांबत, इंग्रजीतच, बोलले: "माझे वडील नोकर होते. ते खुर्ची पुसत होते. ते बसले नाहीत. मी बसलो. मी झोपलो."

वाक्यं किती झाली ते बाईंनी मोजलं नाही.

नंतर हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, जेवताना त्यांनी विचारलं, "तो जिभेला गाठ मारणारा शब्द, त्याचा अर्थ काय?"

"दुसऱ्याच्या कष्टावर गब्बर होणं."

"मग बरोबर आहे की. आबांना पटला असता." त्यांनी दोन घास खाल्ले. "पण मला विचारायचंस. कागद माझा होता."

जन्मभर मीच दुसऱ्यांना जाब विचारत आले होते. "चुकलं, बाबा," एवढंच मी म्हणाले.

"बरं. आता शिकव तो. सावकाश."

मी शब्दाचे तुकडे केले. एकेक तुकडा ते भाताच्या घासामागून म्हणत राहिले.