आमच्या लेथचा सैल नाडा

लेथखाली लोखंडाचा चुरा साचतो, तसे आमच्या बारामतीच्या वर्कशॉपात किस्से साचले. चुरा भंगारवाला नेतो, किस्से मीच घेऊन बसलेय. चौथी पास बाई लिहितेय, शुद्धलेखन तपासू नका!

मालक गेले ते लोखंड कातायचं एक लेथ आणि एक मिस्त्री मागं ठेवून. धाकटे दीर दत्तू भावजी तेराव्यालाच म्हणाले, "वैनी, लेथ इकून टाकू."

मी म्हटलं, "आधी जेवण तरी पचू द्या!"

*

लेथही भावजींनाच सामील. पणदऱ्याच्या आबांना पंपाची पिन करून दिली, तर दुसऱ्या दिवशी आबा पिनेसकट दारात. "बाई, ही भोकात बसत न्हाय, नुसती नाचती!"

मिस्त्री म्हणाले, "हँडलावरचा आकडा बघूनच कापलीय."

"मग आकडाच बसवू का पंपात?"

भावजींनी तिथंच सांगितलं, "पुढच्या बाजारला गिऱ्हाईक आणतो. लेथबी जाईल आन् मिस्त्रीबी!"

*

मिस्त्रींनी घाबरून ग्रीस थापलं. हँडल आणखी मजेत गरगरायला लागलं.

मग भावजींनीच लेथला लिंबू-मिरची बांधली, म्हणे किंमत चांगली येईल. इंजिन सुरू झालं, मिरची पट्ट्यात सापडली आणि थेट भावजींच्या डोळ्यात! लेथला माणसाची पारख होती.

*

कारखान्यातले एक साहेब आले. हँडल मागं-पुढं हलवून म्हणाले, "बॅकलॅश! आटे झिजलेत. नवा नट विलायतेतून मागवा."

"तोवर काय करू?"

"वाट बघा." आणि दोन कप चहा पिऊन गेले.

*

वाट कोण बघतंय! मीच हँडल धरलं. उलटं फिरवलं की पाव फेरा नुसतं हँडल फिरायचं. आकडा मागं यायचा, हत्यार तिथंच, जास्तीचं लोखंड कापत. म्हणून पिन बारीक!

माहेरी वडगावला मी मोट हाकलेली. मोटेचा दोर, म्हणजे नाडा, सैल असला की बैल दोन पावलं चालतात, मोट विहिरीत तशीच.

"मिस्त्री, तुमचा नाडा सैल हाय! आकडा चुकून पुढं गेला तर चांगलं फेराभर मागं जा, आन् परत पुढं येतच आकडा गाठा."

"बैलाची अक्कल लेथला?"

"बैलाला एकदा सांगितलं की कळतं!"

पुढची पिन बोटानं ढकलली तशी बसली. नाच बंद.

*

बाजारच्या दिवशी भावजींनी इंदापूरचं गिऱ्हाईक आणलं, सोबत त्याचा मिस्त्री. मिस्त्रींनी त्याच्यासमोर पिन कापली, चपखल बसली. गिऱ्हाईक खूश! मिस्त्री माझ्या कानाशी रडवेले, "वैनी, चांगलं काम करून मीच माझी भाकर घालवली."

मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "पाव्हणं, तुमच्या माणसाला चालवून बघू द्या की."

त्याच्या मिस्त्रीनं हँडल धरलं. जरा पुढं, जरा मागं, जरा पुढं. पिन नाचली. दुसरी नाचली. तिसरीनं तर फेर धरला!

पाहुण्यांनी छत्री उचलली. "यंत्र खराब हाय. जादू ह्यांच्या मिस्त्रीच्या हातात हाय."

ते गेल्यावर भावजी लेथभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "वैनी, म्हंजी ह्या मिस्त्रीबिगर हे कुणालाच चालणार न्हाय?"

सैल नाड्याचं खरं सांगायला मिस्त्रींनी तोंड उघडलं.

मी कपबशी पुढं केली. "मिस्त्री, चहा घ्या. आन् लई कडक हाय, पिताना बोलू नका!"