चौदा फाटा हे ठिकाण आहे का?

गावाकडचे डॉक्टर, मेकॅनिक, ट्रॅक्टरवाले शोधून देणाऱ्या एका वेबसाइटचं काम मी बारामतीत घरी बसून करते. लोकांनी शोधताना टाइप केलेल्या ओळी माझ्यासमोर येतात. त्यातले कोणते शब्द ठिकाण सांगतात, तेवढ्यावर मी खूण करायची; त्या खुणांवरून साइट ठिकाणं ओळखायला शिकते. 'बोअरवाला लोणी भापकर' आलं की गावाच्या नावावर डोळे झाकून खूण. 'कारखान्याच्या मागं' आलं की डोकं खाजवायचं. मजा यायची. आपल्या माणसांना पत्ता विचारला की ती अख्खं शिवार सांगतात.

एकदा 'वेल्डिंग चौदा फाटा' आलं. आमच्याकडे कालव्याच्या फाट्यांना नंबर असतात आणि तिथल्या वस्त्याही त्याच नंबरानं ओळखल्या जातात. पण पुण्याच्या ऑफिसचा नियम होता : आकडा म्हणजे ठिकाण नव्हे. फोन करून विचारलं असतं, तर साहेब नियम समजावत बसले असते. कशाला नसती कटकट, म्हणून मी 'ठिकाण नाही' दाबलं. पुढंही तेच दाबत गेले.

माझे चुलते, तात्या, याच चौदा फाट्यावर राहतात. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी त्यांची गाय अडली. नेहमीचा डॉक्टर लग्नाला परगावी गेलेला. तात्यांनी मोबाईलवर आमचीच साइट उघडून लिहिलं, 'जनावरांचा डॉक्टर चौदा फाटा'. साइटला त्यात ठिकाणच दिसेना. तिनं इंदापूरचा डॉक्टर दाखवला. तो बिचारा ट्रकांमधून वाट काढत दीड तासानं पोचला. गाय वाचली, वासरू गेलं. तात्यांनी हे सगळं फोनवर सांगितलं, तेव्हा मी साइटची यादी उघडून पाहिली. पिंपळीत, त्यांच्यापासून दहा मिनिटांवर, एक नवा डॉक्टर बसत होता आणि तो आमच्या यादीत होता.

संध्याकाळी मी फाट्यावर गेले. गाय दावणीपाशी हंबरत होती. तात्या म्हणाले, "त्या कंप्युटरवाल्यांना काय ठावं आपला फाटा? लांबची मानसं ती."

गप्प बसता आलं असतं, पण बसवेना. "तात्या, ते काम मीच करते. हे ठिकाण न्हाय म्हणून मीच लिहिलं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि उठून गायीपुढं वैरण टाकली.

"लांबचं मानूस चुकलं आसतं, तर मी सोडून दिलं आसतं," ते म्हणाले. "तुला तर ठावं हुतं, पोरी."