लताबाई पिस्तूल घ्यायला निघाल्या

लताबाई पाटलांना पिस्तुलाचा परवाना मिळाला, ही बातमी त्यांच्या मळ्यावर पोचायच्या आधीच गावभर झाली होती. भडगावपासून गिरणेच्या काठाकाठानं गेलं की त्यांचं गाव लागतं आणि गावाच्या बाहेर, केळीच्या बागांच्या मधोमध, त्यांचं मळ्यातलं घर. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, बाजूला विहीर. मालक वारल्यापासून लताबाई तिथं एकट्या राहत.

पहिला टोमणा घरातूनच आला. त्यांच्या मोठ्या जाऊबाई भिकुबाई गावातून वावरात चालल्या होत्या, त्या मुद्दाम वाट वाकडी करून मळ्यावर आल्या आणि पडवीच्या बाहेरच थबकल्या.

"का वं फौजदारीणबाई, आते आमले दारमा उभं ऱ्हाऊ देशी का नही?"

"या ना अक्का. अजून आणलं नाही मी."

"आणशी तव्हय येत नही मी," भिकुबाई म्हणाल्या. पाणीसुद्धा न पिता गेल्या.

लताबाईंना राग आला, पण खरं सांगायचं तर पिस्तुलाचं खूळ त्यांचंही नव्हतं. दिवाळीच्या सुमारास दोन बागा पलीकडच्या मळ्यात चोर शिरले. म्हाताऱ्या नवराबायकोला खाटेला बांधून त्यांनी अंगावरचं सोनं काढून नेलं. दोघं वाचली, पण ती बाई अजून दारावर टकटक झाली की ओरडते. लताबाईंचा मुलगा तेजस जळगावला पाइपांच्या कंपनीत आहे, पिंप्राळ्यात राहतो. तो त्याच दिवशी मोटरसायकलवर मळ्यात आला.

"आई, आता बस झालं. चल पिंप्राळ्याला."

पिंप्राळ्याचा अनुभव लताबाईंनी एकदा घेतला होता. सून डिंपल जिवाला जीव देणारी, तिथं बोट ठेवायला जागा नव्हती. पण सकाळी उठून करायचं काय? तर गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचं. तेही डिंपलनं आधीच घातलेलं असायचं. दिवसभर हातांना काम नाही आणि रात्री हात दुखायचे. मळ्यात परत आल्या तेव्हा म्हैस त्यांचा पदर चाटत राहिली आणि लताबाई तिच्या गळ्यात पडून रडल्या होत्या.

म्हणून त्या दिवशी त्या चिडून म्हणाल्या, "एवढी काळजी आहे तर बंदूक घेऊन दे मला. पिंप्राळ्याचं नाव काढू नकोस."

बोलून मोकळ्या झाल्या, पण तेजसनं ते मनावर घेतलं. बापाचाच मुलगा तो, एकदा धरलं की सोडायचा नाही. अर्ज, पोलिसांची चौकशी, जळगावात जाऊन नेमबाजीचं शिकणं, सगळं करायला लावलं. शिकवणारा म्हणाला, बाईंचा हात थरथरत नाही. तेव्हा लताबाईंना जरा बरंही वाटलं. मायलेकांचं ठरलं ते असं: पिस्तूल घरात आलं तर लताबाई मळ्यात राहतील. नाही आलं तर बाग वाट्यानं लावायची, म्हैस विकायची आणि लताबाईंनी कायमचं पिंप्राळ्याला यायचं.

मे महिन्याच्या सुरुवातीला दोघं जळगावच्या दुकानात गेले. दुकानदारानं कपाटातून कापडात गुंडाळलेलं एक पिस्तूल काढलं. जुन्या घडणीचं, छोटं, तळहातात मावेल एवढं. मुठीवरची नक्षी बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली.

"धुळ्याच्या एका डॉक्टरांचं आहे," दुकानदार तेजसकडे बघून म्हणाला. "त्यांच्या मुलाला नको आहे. असलं पोलाद आता येत नाही, साहेब. पर्समध्ये मावतं. लेडीजसाठी एकदम बेस्ट."

"परवाना आईच्या नावावर आहे," तेजस म्हणाला.

दुकानदारानं मान वळवून लताबाईंकडे पाहिलं. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पायात रबरी चपला. मग रिकामं पिस्तूल तेजसच्याच हातात दिलं. "वरचा हा भाग मागं ओढून बघा. स्प्रिंग जरा कडक आहे."

तेजसनं ओढलं. अंगठा सटकला. पुन्हा ओढलं, पुन्हा सटकला, नखाला लागलं. लताबाईंनी पिस्तूल त्याच्या हातातून घेतलं आणि खाड् करून एका दमात मागं ओढलं.

"अरे वा! मावशी, कुठं शिकलात?"

"म्हशीखाली," लताबाई म्हणाल्या.

दुकानदार हसला आणि मग नीट त्यांच्याशीच बोलू लागला. पिस्तूल कुलपात ठेवायचं, गोळ्या वेगळ्या ठेवायच्या, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

"कुलपात ठेवलं तर चोर आल्यावर आधी किल्ली शोधू का?"

"मग झोपताना उशाशी घ्या. पण घरात येणारं-जाणारं कुणी नको."

"मी एकटीच असते," लताबाई म्हणाल्या. आणि म्हणताना त्यांना वाटलं की हे काही तितकंसं खरं नाही. पण त्या वेळी पुढे काही सुचलं नाही. डॉक्टरांकडचे कागद पुरे व्हायचे होते. आठवड्याभरानं या, दुकानदार म्हणाला. लताबाई हो म्हणाल्या.

तो आठवडा त्यांनी तयारीत घालवला. रोज संध्याकाळी सप्तशृंगीच्या तसबिरीपुढे दिवा लावायच्या. देवीच्या अठरा हातांत शस्त्रं आहेत, मग आपल्या एका हातात असलं तर बिघडलं कुठं, असं मनाशी म्हणायच्या. म्हटल्यावर जेवढं बरं वाटायला पाहिजे होतं तेवढं मात्र वाटत नव्हतं. पिस्तूल उशाशी कुठं राहील याची हाताला सवय व्हावी म्हणून त्यांनी तिथं चष्म्याचं पत्र्याचं घर ठेवलं. कुशीवरून वळायचं, हात घालायचा, उचलायचं, अंगठा खाली, बोट आत. शिकवलेलं सगळं पाठ होतं. आडवं पडलं की एकदा तरी करून बघायच्या.

मेमधलं खानदेशातलं ऊन ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक. भर दुपारी बाहेर पडणारा माणूस रुमाल, उपरणं, जे हाताला लागेल ते डोक्यातोंडाला गुंडाळून निघतो. फक्त डोळे उघडे, त्यावरही काळा चष्मा. समोरून सख्खा भाऊ आला तरी आवाज दिल्याशिवाय कळत नाही. अशाच एका दुपारी लताबाई आतल्या खोलीत फरशीवर चटई टाकून पडल्या होत्या. दार लोटलेलं. नुकताच डोळा लागला होता.

दार करकरलं.

त्यांनी डोळे उघडले. दारात उन्हाचा लोळ आणि त्यात एक माणूस उभा. धिप्पाड. तोंड कापडानं आवळलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. आवाज नाही, हाक नाही. तो आत आला आणि त्यानं लताबाईंच्या डोक्यावरच्या भिंतीकडे हात लांबवला.

लताबाई काही विचार करत नव्हत्या. हातच वळला. उशाशी गेला, पत्र्याचं घर उचललं, समोर धरलं. अंगठा खाली झाला. बोट वाकलं. पुरतं वाकलं, पार तळहाताला टेकलं.

वर भिंतीवर खट् झालं आणि बाहेर विहिरीवर मोटर घुं करून सुरू झाली.

माणसानं खाली पाहिलं. तोंडावरचं उपरणं ओढलं. आतून भिकुबाईंचा हितेंद्र निघाला, घामानं निथळलेला.

"का वं काकू, चष्मा दखाडी राहिनी का माले?" तो हसत म्हणाला. "लाइट उनी. आज आमनी बारी शे ना. तू झोपेल व्हती, म्हणीसन हाक मारी नही."

लताबाईंनी पत्र्याचं घर अजून तसंच समोर धरलं होतं. हितेंद्र हसायचा थांबला. "काकू? काय व्हयनं?"

"इकडे ये. बस खाली."

तो बसला. लताबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मग छातीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिल्या. आत काळीज धडधडत होतं, चांगलं, तालात. लताबाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. उठून त्यांनी माठाजवळचं ताक तांब्याभर दिलं. त्यानं एका दमात संपवलं. अजून दिलं. त्याचं पोट भरलं तरी त्या देतच होत्या.

"काकू, चालू मोटर सोडीसन ताकच पेत बसू का मी?" म्हणत हितेंद्र पुन्हा तोंडाला उपरणं आवळून बाहेर पळाला.

लताबाई तशाच बसून राहिल्या. विहीर तीन भाऊबंदांची, पाळीपाळीनं पाणी घ्यायचं. मोटरचा बाहेरचा स्टार्टर एकदा चोरीला गेला, तेव्हा मालकांनी नवा आतल्या खोलीत, आपल्या उशाशीच बसवला. शेतीची लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. ज्याची बारी तो येतो, दार लोटतो, खटका दाबतो आणि जातो. कुणी हाक मारतो, कुणी मारत नाही. दुकानात आपण काय सांगून आलो? मी एकटीच असते. या घराचं दार तर वर्षानुवर्षं घरच्यांसाठी लोटलेलंच असतं, आणि ते सगळे या दिवसांत तोंडं बांधूनच येतात. दाराला कुलूप लावावं तर स्टार्टर दुसरीकडे न्यावा लागेल, मग मळ्यात माणूसच फिरकायचं नाही. आणि उघडं ठेवावं तर... पुढचा विचार त्यांनी केलाच नाही. दिवेलागणीला अजून वेळ होता, तरी उठून देवीपुढे दिवा लावला.

मग तेजसला फोन केला.

"दुकानदाराला सांग, नको म्हणून."

"का? दुसरं बघायचं का?"

"कुठलंच नको."

"मग आई, पिंप्राळ्याला यावं लागेल. आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी मोडते." आणि त्यांनी दुपारचं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, बोट कुठवर वाकलं तेही सांगितलं.

तेजस आणि हितेंद्र एका ताटात जेवून मोठे झालेले. तेजस खालच्या आवाजात म्हणाला, "हितू होता, आई?"

"हो रे."

"देवानं वाचवलं. मी दुकानदाराला आताच सांगतो. परवान्याचंही बघतो." मग थोडं थांबून, "पण रात्रीचं काय? रविवारी येतो मी. बॅग घेऊन येतो."

पण त्या संध्याकाळी त्यांना किती तरी महिन्यांनी भूक लागली. ठेचा आणि भाकरी पोटभर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर हितेंद्रचा ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉलीत एक लोखंडी खाट, त्यावर गोधडीचं बोचकं आणि बोचक्यावर भिकुबाई.

तेजसनं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. उतरताच त्यांनी तोंड सोडलं. "मना पोऱ्याले मारी टाकती ना तू!"

"अक्का, मी..."

"चूप! खाट कोठे टाकनी ते सांग. आतेपासून मी आठेच झोपसू."

भिकुबाई पडवीच्या पायरीवर टेकल्या आणि पदरानं वारा घेत म्हणाल्या, "भाऊजी गये तव्हयपासून वाट देखी राहिनू. आज बलाई, उद्या बलाई. पिस्तूलसाठे जळगावले गयी, चार सायेबले भेटनी. माले एक हाक माराले जड पडनं का तुले?"

लताबाईंना खरंच जड पडलं होतं. सोबतीला या म्हणायचं म्हणजे मला भीती वाटते हे जावेसमोर कबूल करायचं. त्यापेक्षा परवाना काढणं सोपं वाटलं होतं.

"चुकलं माझं, अक्का," त्या म्हणाल्या.

"चुकनं ते चुकनं. आते चहा ठेव. साखर कमी टाक, डॉक्टरनी सांगेल शे."

रविवारी तेजस आला तेव्हा पडवीत दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. हितेंद्र स्टार्टर पडवीतल्या भिंतीवर, लोखंडी पेटीत बसवत होता. पेटीच्या किल्ल्या तिन्ही घरी राहणार होत्या.

"मोठी आई, तू इथं?" तेजसनं विचारलं.

"का रे, तुनं भाडं लागस का?"

"नाही, पण तू घोरतेस. हितू सांगतो, गावाच्या वेशीपर्यंत ऐकू येतं."

"बरं व्हयनं. चोरले बी ऐकू येई."

तेजस हसला. आईकडे पाहिलं. लताबाई म्हशीखाली बसल्या होत्या, बादलीत दुधाची धार वाजत होती. त्यांनी मान वर केली नाही, पण पाठीवरून कळत होतं की त्या त्याच्या बोलण्याची वाट बघताहेत.

"डिंपल म्हणत होती," तो म्हणाला, "की सुट्टीत आम्हीच इकडे येऊ, चालेल का?"

"विचारते कशाला? या की," लताबाई म्हणाल्या. धार क्षणभर थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली.

आईचे कपडे न्यायला आणलेली बॅग तेजस रिकामीच न्यायला निघाला होता. भिकुबाईंनी ती हिसकून घेतली आणि केळीच्या फण्यांनी इतकी भरली की चेन लागेना.