बोलोन्याचा सूर्यास्त

ब्राह्मी माझ्या पहिल्यांदा लक्षात आली ती आठवीच्या वर्गात. नकाशावर पट्टी टेकवून मी दरवर्षीसारखं सांगितलं, इटली बुटासारखी दिसते. पोरं हसली. ही उठून म्हणाली, "सर, तिथली माणसंबी तिला बूटच म्हणतात काय?" मला ठाऊक नव्हतं. मी ठामपणे 'व्हय' म्हणालो. चौतीस वर्षांची माझी नोकरी बरीचशी या ठामपणावरच झाली.

पुढं बेळगावात बी.ए. करताना ती मोबाइलवर इटालियन शिकली, आणि बोलोन्याच्या विद्यापीठात इटालियन भाषा आणि संस्कृती शिकायला तिला प्रवेशही मिळाला. निपाणीतलं जैन घर. दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. आजीनं, अक्काताईंनी, एवढीच हरकत घेतली: तिथं सगळे रात्री जेवतात, पोरगी नेम मोडंल. वडील पार्श्वनाथअण्णांनी मला बोलावून घेतलं. भूगोलाच्या मास्तराचा शब्द शेवटचा मानायचं ठरलं होतं.

मी मोबाइलवर पाहिलं आणि सांगून टाकलं, तिथं सूर्य नऊला मावळतो, पोरगी चारचौघांबरोबर उजेडात जेवेल. महिना जूनचा होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. ब्राह्मी माझ्याकडं नुसती बघत राहिली. अक्काताईंनी होकार दिला.

गेल्या गेल्या तिनं कळवलं की इथली माणसं देशाला खरंच बूट म्हणतात. महिनाभर मी फुगून फिरलो. डिसेंबरात फोन आला: साडेचारलाच सूर्य मावळतो. दरवर्षी मोसंबं आणि बॅटरी घेऊन वर्गाला ऋतू समजावणारा मास्तर तो मीच. तिला तेव्हा कळलं नव्हतं का, मी विचारलं.

"कळलं हुतं की, सर. तुम्हीच शिकवलंय. म्हणून तर गप्प बसले."

आता घरचे तिला परत बोलावतील, या धास्तीत आठ दिवस काढले. शेवटी जाऊन चूक कबूल केली. अक्काताई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग चारला जेवंल की. शिवारात आमी काय नऊला जेवत हुतो, गुरुजी?"

ब्राह्मी आता दुसऱ्या वर्षाला आहे. हिवाळ्यात ती दोन तासांमधल्या सुट्टीत, चार वाजता, विद्यापीठाच्या पायरीवर बसून डबा खाते.