एका श्वासाला एक वाक्य

धुरपतामावशींना गप्प करायचं असेल तर त्यांना झोपवावं लागतं, असं त्यांचे यजमान व्यंकटराव म्हणतात. तेही पुरतं खरं नाही. मावशी झोपेतही बोलतात, आणि व्यंकटराव झोपेत "हाव, हाव" म्हणतात. असा तो सुखाचा संसार.

भोकरकडच्या एका सरकारी दवाखान्यात मावशी बावीस वर्षं नोकरीला आहेत. कागदावर त्यांचं काम झाडणं-पुसणं. पण माणूस अगदी टेकीला आला आणि डॉक्टरांचे हात कमी पडले, की मावशींच्या हातात पिशवी येते. ही पिशवी रबराची. श्वास बंद पडलेल्या माणसाच्या घशात नळी घालायची, नळीला पिशवी लावायची आणि हातानं दाबायची. एकदा दाबली की एक श्वास. मग पाच सेकंद थांबायचं, की पुन्हा दाबायची. घाई केली तर वाईट, विसरलं तर त्याहून वाईट.

डॉक्टर त्यासाठी घड्याळ बघतात. मावशींच्या हातात घड्याळ नाही, तोंडात आहे. एक वाक्य बोलायचं की एकदा दाबायचं. डॉक्टर अश्वजित नवीन आले तेव्हा त्यांनी मोबाईल लावून तपासलं आणि चाट पडले.

"मावशी, तुमचं वाक्य बरोबर पाच सेकंदांचं कसं?"

"सासूनं मधी तोंड घालायच्या आत संपवायची सवय हाय, साहेब."

दोन पावसाळ्यांमागं सकाळी नऊच्या सुमाराला ज्ञानोबा आला. आला म्हणजे आणला. पहाटे अंथरुणात मण्यार चावली होती. घरापासून दवाखाना वीस मिनिटांवर, पण घरातच चुलते नरसिंगबुवा. बुवा सापाचं विष उतरवतात. त्यांनी तीन तास मंत्र म्हणत कडुलिंबाचा पाला चारला. पापण्या मिटल्या, मान पडली, तेव्हा बुवा म्हणाले, "आता दवाखान्यात न्या." डॉक्टरांनी नळी घालायला तोंड उघडलं तर आत अजून पाला. मावशींनी तो बोटानं काढला.

त्याच गावचा संगमेश आदल्या वर्षी असाच बुवांकडून चार तास उशिरा आला होता. कॉलेजात जाणारा पोरगा. त्या दिवशी मावशींची वाक्यं संपली नाहीत, तो संपला. तेव्हापासून त्या गावचं नाव निघालं की मावशी पदर खोचतात.

सापाच्या विषावरची लस सुरू केली, पण ज्ञानोबाला श्वासाचं मशीन लागणार होतं आणि मशीन नांदेडला. १०८ची रुग्णवाहिका दुसरीकडे अपघाताला गेलेली. दवाखान्याच्या गाडीत डॉक्टर, मावशी, पिशवी आणि हा.

"मावशी, तो मेल्यासारखा दिसतो, पण आतून जागा आहे. ऐकू येतं त्याला. बोलत राहा," डॉक्टर म्हणाले.

हे म्हणजे मावशींना सरकारी परवानगी. बारड येईपर्यंत शेजारणी संपल्या. भोकर फाट्यापर्यंत व्यंकटरावांचं घोरणं, भावकी आणि ठेच्यात मीठ किती हे संपलं. अर्धापूरला बोटं आखडली, हात बदलला, आणि सांगण्यासारखं काही उरेना. मग मावशींनी जन्मात कुणाला न सांगितलेलं सांगितलं.

"ज्ञानोबा, साखराबाई माझी जाऊ." दाब. "तिच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू मीच खाल्ले." दाब. "नाव मांजरीचं सांगितलं." दाब. "मांजर डिंक खात न्हाई, हे तिला अजून सुचलं न्हाई." दाब.

नांदेड आलं.

नवव्या दिवशी ज्ञानोबाची नळी निघाली. मावशी रजा टाकून भेटायला गेल्या. तो घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलला, "मावशी, लाडू तुम्हीच खाल्ले व्हते." मावशी हसता हसता रडल्या. त्यानं त्यांचा हात धरला. "गावात पहिलं नाव तुमचंच घेतो."

"नाव नगं घेऊ. माईकवर एवढंच सांग, साप चावला की आधी दवाखाना. बुवा मागून."

"सांगतो. आईची शपथ."

महिन्यानं गावात भंडारा ठेवला. मावशींना निमंत्रण आलं. लग्नात नेसतात ती जांभळी साडी त्यांनी काढली, आणि आपला मान बघायला कुणीतरी घरचं हवं म्हणून जावेला बरोबर घेतलं. बावीस वर्षांतली एवढी एकच चूक म्हणायची.

मांडवात बुवा गादीवर. ज्ञानोबानं माईक घेतला, बुवांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "ह्यांच्यामुळं हाय मी. नांदेडला नुसतं झोपवून ठेवलं व्हतं."

मावशींना वाटलं, आता पुढचं वाक्य. पाच सेकंद झाले. पुढचं वाक्य आलं.

"अन् त्या बघा, दवाखान्यातल्या मावशी. लई बोलक्या. रस्ताभर मला जावेच्या लाडवाची गोष्ट सांगून राहिल्या. स्वतः खाल्ले, अन् नाव मांजरीचं."

मांडव हसला. साखराबाई हसल्या नाहीत. संगमेशची आई शेवटच्या रांगेत बसली होती, तीही हसली नाही.

चपलांपाशी ज्ञानोबा गाठ पडला. खाली बघत म्हणाला, "मावशी, घरातलं माणूस हाय. त्यांनी मला मारायला काढलं व्हतं, असं कसं म्हणू? समजून घ्या."

"तुझ्या तोंडातला पाला मी काढला, ज्ञानोबा," मावशी म्हणाल्या. "अजून थोडा ऱ्हायला वाटतं."

जावेनं सहा महिने अबोला धरला. तो मावशींनी सोसला. पण पिशवी हातात आली की त्या आता नुसते आकडे म्हणू लागल्या. एक हजार एक, एक हजार दोन, सेकंदाला एक आकडा, पाचव्याला दाब.

"बोला ना, मावशी. पेशंटला ऐकू येतं," डॉक्टर म्हणाले.

"ऐकू येतं म्हणूनच."

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी दवाखान्याच्या मागच्या फाटकातून एक मोटारसायकल आली. ज्ञानोबा, मधे त्याची सात वर्षांची रूपाली, मागं बायको पुनम. पोरगी आज शाळेत जाते, हे आधीच सांगून टाकतो. उगाच जीव मुठीत धरून वाचू नका. मावशींनी तिचं तोंड उघडलं. आत पाला नव्हता.

"साप चावून किती येळ झाला?"

"अर्धा घंटा. सरळ हितंच आणली," ज्ञानोबा म्हणाला, आणि आवाज खाली घेऊन, "गावात सांगू नका, मावशी. मामाच्या गावाला गेलो म्हणून सांगितलंय."

मावशींनी पदर खोचला. आपल्या पोरीला दवाखाना, गावाच्या पोरांना बुवा.

लस दिली, तरी पोरीच्या पापण्या जड झाल्या, श्वास उथळ झाला. नळी घातली. पुन्हा तीच गाडी, तोच रस्ता. मावशी पिशवी दाबत होत्या आणि आकडे मोजत होत्या. बारड मागं पडलं.

"मावशी, बोला की तिच्याशी," ज्ञानोबा रडकुंडीला आला. "ऐकू येतं. मला म्हाईत हाय."

"तू बोल."

"काय बोलू?"

"तिला बुवाकडं का न्हाई नेलं, ते सांग."

गाडीत चौघं मोठी माणसं आणि एक पोरगी, शिवाय ड्रायव्हर. ज्ञानोबानं सगळ्यांकडे बघितलं, पोरीच्या कानाशी वाकला आणि पुटपुटला.

"मोठ्यानं," मावशी म्हणाल्या.

भोकर फाटा येईपर्यंत तो बोलत होता. पाला, तीन तास, गादी, माईक, लाडू, सगळं. मधून मधून मावशींकडे बघायचा, त्या "हं" तरी म्हणतील म्हणून. मावशी दाबत होत्या. एक हजार तीन, एक हजार चार, एक हजार पाच.