दांडाचं लुगडं

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्यावं.

सदर भागात गोऱ्यांच्या छावणीजवळ बायकांच्या शिवणवर्गात एक बाई माझ्या शेजारी बसायची. नाव विचारायचं धाडस मला झालं नाही. तिचं मशीन उधारीचं होतं. हप्ता चुकला तर दुकानदार ते नेणार होता.

लोकांच्या जुन्या लुगड्यांचा विरलेला मधला भाग कापून ती दोन्ही टोकं जोडायची, म्हणजे दांड घालायची.

"जुनंच काहून शिवून राहिली वो?" बायका हसायच्या.

"लुगडं मधेच विरते. टोकांनी काय पाप केलं?" दातांत दोरा धरून ती म्हणायची.

त्याच मजुरीतून तिनं माझ्यासमोर दुकानात जाऊन शेवटचा हप्ता फेडला.

"चलो बाई, मशीन आपकी," दुकानदार म्हणाला.

तिनं कोपऱ्यात पडलेल्या कापडाच्या चिंध्यांकडे बोट केलं. "तो वो कतरन भी दे दो, भैया. फेंकोगे ही ना?"