बालवाडीतली येळवस

पालमहून एसटीनं अर्ध्या तासावर एक गाव आहे. तिथल्या बालवाडीत मी गेली सोळा वर्षं शिकवते आहे. गावाचं नाव सांगत नाही. जे सांगायचं आहे त्यात गावाचा जेवढा दोष आहे तेवढाच माझा आहे, आणि स्वतःचं नाव लपवून गावाचं उघडं करणं बरं दिसत नाही.

आमच्या संस्थेच्या सरांना एकदा कुठल्याशा शिबिरात कळलं की मुलांना ऋतू, निसर्ग आणि घरची संस्कृती बालवाडीतच द्यावी लागते. तेव्हापासून आमच्याकडे वर्षभर काही ना काही चालू असतं. आषाढात घमेल्यात मूग पेरायचे, पोळ्याला मातीचे बैल करायचे, संक्रांतीला बोरन्हाण, शिमग्याला पळसाच्या फुलांचा रंग. शहरातल्या मुलांनी शेत पाहिलेलं नसतं, त्यांचं ठीक आहे. आमची मुलं शेतातूनच शाळेत येतात, पायाला चिखल घेऊन. तो चिखल आम्ही दारात धुवायला लावतो आणि आत नेऊन त्यांना मातीत हात कसा घालायचा ते शिकवतो. फोटो मात्र छान येतात.

यातला सगळ्यात मोठा सण येळवशीचा. पंचांगातली वेळ अमावस्या, तिला आमच्याकडे येळवस म्हणतात. ऐन थंडीत, रानात ज्वारी उभी असताना, सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप, म्हणजे छोटी झोपडी, करतात, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजतात. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील खोपीभोवती शिंपतात, आणि मग भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी, बाजरीचे उकडलेले उंडे, आंबील असं पोटभर जेवतात. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं असतं आणि त्यानंही नाही म्हणायचं नसतं. अमावस्येला गाव शेतात असतं म्हणून शाळेतली येळवस आम्ही दोन-तीन दिवस आधीच मैदानात उरकतो. पदार्थ पालक आणतात. कुणी काय आणायचं, त्याची यादी मी करायची.

आता ती यादी. भज्जी, उंडे, खीर, आंबील ही शिजवायची कामं मी गावातल्या घरांना वाटायची. नदीकडच्या वस्तीतल्या घरांना बोरं, हरभऱ्याचे ढाळे, उसाची कांडकी आणि खोपीसाठी कडबा. वस्तीतल्या घरांची जात गावाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होती. मला कुणी असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. सरांनी नाही, पालकांनी नाही. पहिल्या वर्षी माझ्या हातून आपोआप तशी यादी झाली आणि कुणीच काही बोललं नाही, म्हणून मग दरवर्षी तशीच झाली. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: मजुरीला जाणाऱ्या बायका, त्यांना कुठं स्वयंपाकाचा त्रास द्या! मलाही ते खरंच वाटायचं. वर्गात मात्र मी रोज मुलांना गोल बसवून, डबे उघडून, 'सगळे मिळून खाऊ' असं म्हणायला लावायचे.

चार वर्षांपूर्वी परभणीहून एक नवीन बाई आमच्याकडे लागली. लहान होती, उत्साही होती. येळवशीच्या आधी मी तापानं तीन दिवस घरी पडले, तेवढ्यात तिनं यादीचं काम अंगावर घेतलं. डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि मुलांना एकेक उचलायला लावली. मी परत आले तेव्हा कुणाकडे काय ते फळ्यावर लिहून झालं होतं, पालकांच्या ग्रुपवरही टाकून झालं होतं. मोठ्या गटातल्या एका पाच वर्षांच्या पोरीला आंबील निघाली होती. ती वस्तीतली होती. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहायची.

मी नव्या बाईला म्हणाले, "हे बदलावं लागेल." ती म्हणाली, "का?" बारा वर्षांत तो प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मग मी म्हटलं, जाऊ दे, बघू. आयत्या वेळी काहीतरी होईल असं मनाशी ठरवून गप्प बसले.

सोमवारी सकाळी आजी सगळ्यांच्या आधी आली. डोक्यावर गाडगं, अंगावर धुतलेलं लुगडं, एका हाताला नात. नातीनं काष्टा नेसला होता आणि नाकात मोठी खोटी नथ. आजीनं गाडगं खोपीजवळ टेकवलं आणि माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाई, गाडगं नवं हाय. कुंभाराकून कालच आनलं. आंबील करताना तीनदा हात धुतले. घरात कुनी चाखलीबी न्हाई, पोर लय मागायली तरी." तिला सगळं माहीत होतं. ती हिशेबानंच आली होती, आपल्याकडून काही उणं राहू नये म्हणून. मी म्हणाले, "अहो, असं काय बोलता आजी." हे मी इतक्या सहज म्हणाले की आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

पूजा झाली. पंगतीआधी आंबील द्यायची असते. नात पेल्यांचा ट्रे घेऊन उभी राहिली आणि आजी पळीनं भरू लागली. पहिली आई म्हणाली, "आमच्या पोराला सर्दी हाय, ताक नगं." दुसरी म्हणाली, "आमच्यालाबी खोकला झालाय." तिसरीनं नुसती मान हलवली. पाच मिनिटांत अख्ख्या बालवाडीला सर्दी झाली. सकाळपासून बर्फाचे गोळे दिले असते तरी खाल्ले असते अशी ती पोरं, आयांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ट्रे भरलेलाच राहिला. पोर आनंदात एकेकापुढं जात होती, पुढच्यापुढं जात होती. तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

नव्या बाईनं पेला उचलला आणि गटागटा प्यायली. दुसराही घेतला. पण ती बाहेरची. आज आहे, उद्या बदलून जाईल. तिच्या पिण्याचं गावाला काही नव्हतं. सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या.

आजीनं स्वतः एक पेला भरला आणि माझ्यापुढं धरला. म्हणाली, "बाई, तुमी घ्या. तुमी घोटभर घेतली की बाकीचे घेतेत. पोरीचं मन ऱ्हाईल."

एवढंच होतं. एक घोट. कुणी मला नोकरीवरून काढणार नव्हतं, कुणी दगड मारणार नव्हतं. किळसही आली नव्हती, आंबिलीचा वास तर असा सुटला होता की तोंडाला पाणी यावं. मला फक्त त्या चार-दोन बायकांच्या नजरेत होते तशी राहायचं होतं. 'आपल्या बाई' म्हणतात मला तिथं. घरी बोलावतात, मुलीच्या लग्नात मानाची साडी देतात. त्यासाठी मी म्हणाले, "आजी, आज माझा सोमवार आहे. उपास."

आजीनं पेला खाली घेतला.

मग माझ्या डोक्यात एक युक्ती आली, आणि तिचा मला त्या क्षणी अभिमानही वाटला, हे लिहायलाच हवं. मी टाळ्या वाजवून मोठ्यानं म्हणाले, "मुलांनो, ही आंबील देवाची! आज ही सगळी आपण खोपीभोवती शिंपायची!" शिंपायची असतेच, पण ओंजळभर. उरलेली माणसांसाठी असते. आम्ही गाडगंभर शिंपली. आया मोकळ्या झाल्या, त्यांनी हातही सोडले, पोरं खोपीभोवती ओरडत पळाली. सगळ्यांत पुढं ती पोर, कडुनिंबाच्या डहाळीनं आंबील उडवत, "माझ्या आज्जीची आंबील! माझ्या आज्जीची आंबील!" मैदानातली माती पांढरी झाली. नव्या बाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेली. पालकांच्या ग्रुपवर याच क्षणाचा फोटो टाकला गेला, त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले.

नंतर पंगत बसली. कुणीतरी माझंही ताट वाढलं. भज्जी, उंडा, खीर. वाढणारी ओळखीची, घरातली भज्जी म्हणून आग्रह करणारी. दीड-दोन तास झाले होते, ओरडून घसा बसला होता, भूक लागली होती. उपासाचं मी साफ विसरले. खोटं बोललेलं लक्षात ठेवावं लागतं, आणि मला त्याची सवय नव्हती, किंवा फार सवय होती. मी घास मोडला.

तेवढ्यात ती पोर पळत आली आणि तिनं माझं मनगट धरलं. भेदरली होती. "बाई, खाऊ नगा! तुमचा उपास हाय न्हं? मोडंल की!"

पंगत थांबली. आया पानात बघू लागल्या. माझा हात तसाच अर्ध्यात. तो धरणारे ते दोन हात एवढेसे, आंबिलीनं चिकट. मला वाटलं, आता आजी बोलेल, चारचौघांत काढेल माझी. मला ते चाललं असतं. खरं तर मला तेच हवं होतं.

आजी रिकामं गाडगं घेऊन निघालीच होती. ती वळली, नातीजवळ आली आणि तिचे हात माझ्या मनगटावरून सोडवले. आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. "खाऊ दे माय बाईला," ती म्हणाली. "त्येंचा उपास आपल्यापुरताच व्हता. झाला आता."

पोरीचं तेवढ्यानं समाधान झालं. उपास सुटला म्हणून तिला बरंच वाटलं. "मग खावा," ती म्हणाली आणि माझ्या ताटासमोर मांडी घालून बसली. पानात काही टाकायचं नाही, हे मीच वर्गात शिकवलं होतं. मी ताट पुसून संपवेपर्यंत ती हसऱ्या तोंडानं माझ्याकडे बघत बसली, आणि मी शेवटच्या घासापर्यंत जेवले.